लक्ष्मी आणि हिशेब : मराठी वाङ्मयातील धनदृष्टी

१

मराठी वाङ्मयाविषयी एक मत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. संतांच्या शिकवणीने मराठी मनात धनाविषयी उदासीनता उत्पन्न केली, तिच्यापायी मराठी माणूस उद्योगात मागे पडला आणि आमचे वाङ्मयही दारिद्र्याची पूजा करीत बसले, असे ते मत आहे. काही मंडळी हे खेदाने सांगतात, तर काही अभिमानाने. खेद करणारे म्हणतात की, आता तरी संतांना बाजूस सारून संपत्तीचे स्तोत्र गावे. अभिमान बाळगणारे म्हणतात की, आमची संस्कृती त्यागाची असून पैसा ही इतरांची गोष्ट आहे. दोघांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध असले, तरी गृहीत एकच आहे. आम्हांस ते गृहीतच मान्य नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जुन्या मराठी परंपरेने धनाचा तिरस्कार शिकविला नाही. तिने धनाचा हिशेब शिकविला. तिरस्काराचा सूर अर्वाचीन काळात, आणि तोही एका विशिष्ट वर्गाच्या लेखणीतून, वाङ्मयात शिरला. पुढे पाठ्यपुस्तकांनी आणि आम्हां शिक्षकांच्या सवयीने तोच सूर साऱ्या परंपरेचा म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवला. याचे परिणाम वाङ्मयापुरते राहिलेले नाहीत. म्हणून या प्रश्नाचा विचार ग्रंथालयात बसून जसा करावयास हवा, तसाच एखादे गाव डोळ्यांपुढे ठेवूनही करावयास हवा. आम्ही त्यासाठी मराठी मुलखाच्या कडेचे एक गाव घेतो.

२

बेला हे गाव पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यात आहे. काळी जमीन, कपाशीचे पीक आणि वऱ्हाडी वळणाची मराठी, अशी या भागाची ओळख आहे. शेजारी गोंड आणि कोलाम वस्त्या आहेत. हा जिल्हा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्याकडे आले. बेला मात्र आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती, नंतर ती तेलुगू झाली. घरातील मराठी बदलली नाही. म्हणजे येथील मराठी शेतकऱ्याने कर्जाच्या कागदावर जेव्हा जेव्हा अंगठा उठविला किंवा सही केली, तेव्हा तो कागद बहुधा त्याच्या भाषेत नव्हता.

या भागाने पैशाचे आणखी एक शिक्षण घेतले आहे. निजामाच्या राज्यात स्वतंत्र नाणे होते. त्यास हाली सिक्का म्हणत. पैनगंगेच्या उत्तरेस इंग्रजांचा कलदार रुपया चाले. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, असा दर असे. नदी ओलांडणाऱ्या माणसास रुपया ही काही स्वयंभू देवता नाही, ते एक माप आहे आणि ते माप नदीच्या काठाबरोबर बदलते, हे अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडताच कळत असले पाहिजे.

परंतु या गावाची आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. येथे पैसा वर्षातून एकदा येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी सुरू होते, माघापर्यंत कापूस बाजारास जातो आणि तेव्हा हातात रक्कम पडते. तिच्यातून आधी देणे वळते होते. उरलेल्या पैशास लगेच लग्नसराई गाठते. आणि मृग जवळ आला, बियाणे, खत, औत-मजुरी यांसाठी पैसा हवा झाला की, घरात तो नसतो. पूर्वी बियाण्यासाठी घरची सरकी राखून ठेवीत. संकरित आणि नंतर, २००२ पासून, बीटी वाण आल्यावर दर वर्षी बियाणे रोखीने विकत घेणे भाग झाले. म्हणजे मृगाच्या तोंडाची रोकडीची गरज अधिकच वाढली. कापूस वेचणाऱ्या स्त्रियांची मजुरी वजनावर ठरते; त्यांना आपण किती किलो वेचले याचा हिशेब रोज ठेवावा लागतो. सालगड्याचा करार गुढीपाडव्यास वर्षाचा होतो. मासिक वेतन घेणाऱ्या माणसाच्या आणि या माणसांच्या पैशाची चालच निराळी आहे. मराठी वाङ्मयाने यांतील कोणता पैसा ओळखला, हा आमचा प्रश्न आहे.

३

प्रथम संतांकडे वळू. एकनाथांविषयीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना जमाखर्चाचे काम त्यांच्याकडे होते. एकदा हिशेबात एका पैची चूक राहिली. ती शोधीत ते रात्रभर जागले आणि सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. स्वामी म्हणाले की, एका पैच्या चुकीने एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल! कीर्तनकार या कथेचा उत्तरार्ध रंगवितात. पूर्वार्ध आम्ही विसरतो. ज्याला परमार्थाचा अधिकार मिळाला, तो पैची चूक क्षुल्लक मानणारा नव्हता. कथेने त्याच्या चोख हिशेबालाच परमार्थाची पायरी केले आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीची कथा याहून बोलकी आहे. दुष्काळात त्याने सरकारी कोठारातील धान्य भुकेल्या लोकांना वाटले. कथेला त्याचा गौरव करून थांबता आले असते. पण ती तेथे थांबत नाही. विठ्ठल महाराचे रूप घेऊन बेदरास जातो, धान्याची किंमत भरतो आणि पावती घेतो. धान्य ज्याचे होते, त्याचे देणे पुण्याईच्या नावाखाली बुडवू नये, असे लोकमानसास वाटले. म्हणून त्याने प्रत्यक्ष देवाला पैसे भरावयास लावले. ज्या समाजाला धन तुच्छ वाटते, तो समाज देवाच्या हाती पावती देणार नाही.

तुकाराम तर वाण्याच्या घरात वाढले. देहूची महाजनकी, दुकान, देवघेव हे सारे त्या घरात होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने ते घर मोडले, आणि पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. या प्रसंगाचे वर्णन करताना एक तपशील नेहमी सांगितला जातो, पण त्याचा अर्थ लावला जात नाही. खतांचे दोन वाटे केले गेले. भावाच्या वाट्याची खते त्यांनी भावाला दिली आणि केवळ आपल्या वाट्याची बुडविली. दुसऱ्याच्या हक्कावर उदार होण्याचा मोह त्या विरक्त पुरुषास झाला नाही. धन जोडू नये असे त्यांचा प्रसिद्ध अभंगही सांगत नाही. जोडण्याचा मार्ग आणि वेचण्याची वृत्ती यांविषयी तो बोलतो.

येथे एक आक्षेप संभवतो. सोने आणि माती यांना एका मोलाचे मानणारे उद्गार संतवाङ्मयात विपुल आहेत, त्यांचे काय? ते आहेत, आणि ते खरे आहेत. परंतु तुकारामांच्या बाबतीत असे उद्गार ज्या प्रसंगांशी जोडले जातात, ते बहुधा राजाच्या नजराण्याचे, अयाचित आणि अनर्जित धनाचे आहेत. ज्याच्यामागे आपले श्रम नाहीत, ते सोने नाकारणे आणि दुकानातील तराजू नाकारणे या दोन गोष्टी एक नव्हेत. समर्थांनी तर दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभीच प्रपंच नेटका करण्याला परमार्थाच्या आधीचे स्थान दिले. ही सारी परंपरा पाहिली म्हणजे तिच्यावर दारिद्र्यपूजेचा आरोप ठेवणे धाडसाचे वाटते.

४

अर्वाचीन काळाच्या आरंभीही चित्र निराळे नव्हते. लोकहितवादींनी शतपत्रे लिहिण्यास १८४८ साली सुरुवात केली आणि लगेच पुढील वर्षी ‘लक्ष्मीज्ञान’ हा अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. धन कसे उत्पन्न होते, हे मराठीत सांगणे त्यांना समाजसुधारणेचाच भाग वाटला. १८७५ साली सुपे येथून पेटलेल्या दंग्यांत पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो याच पार्श्वभूमीवर. फुल्यांच्या या ग्रंथाचे मोल केवळ त्यातील संतापात नाही. शेतकऱ्याचा पैसा कोणकोणत्या वाटांनी जातो, सारा किती, कोर्टकचेरीचा खर्च किती, न वाचता आलेल्या कागदाची किंमत किती, याची ते एक एक रकम मांडतात; आणि मग बांधबंदिस्ती, पाणी, जनावरांची निपज यांविषयीचे उपायही सांगतात. बेल्याच्या शेतकऱ्याने परभाषेतील कागदावर केलेली सही समजून घ्यावयाची, तर आजही याच ग्रंथाकडे जावे लागते.

मग सूर बदलला कोठे? आमच्या मते तो ललित वाङ्मयात बदलला, आणि त्याचे कारण लेखकाच्या उपजीविकेत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आमचा कथा-कादंबरीकार बहुशः शिक्षक, प्राध्यापक, वकील किंवा कचेरीतील नोकर होता. त्याचा पैसा महिन्याच्या महिन्यास येई. तो कमी असे, पण निश्चित असे. अशा माणसास पैशाची उत्पत्ती दिसत नाही, केवळ त्याची कमतरता दिसते. दुसऱ्याची श्रीमंती त्याला कर्तृत्वापेक्षा लबाडीचे फळ वाटू लागते. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) पैशासाठी मुलीचे लग्न ठरविणारा कांचनभट आणि पैशाच्या बळावर नवरदेव होऊ पाहणारा भुजंगनाथ यांवर जो प्रहार आहे, तो न्याय्य आणि नेमका आहे, कारण तेथे एका विशिष्ट सौद्यावर बोट ठेवले आहे. पुढे हा नेमकेपणा गेला आणि धनिक म्हणजे खल हे समीकरण उरले. खांडेकरांच्या एका कादंबरीचे नावच ‘दोन ध्रुव’ (१९३४) आहे. त्यांच्या ध्येयवादाची मांडणी त्या नावात सामावलेली आहे. एका ध्रुवावर श्रीमंती, दुसऱ्यावर दारिद्र्य. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात, जेथे माणसे पेरतात, विकतात, उधार घेतात आणि फेडतात, तेथे फारसे कोणी राहत नाही. फडक्यांच्या कादंबऱ्यांत दुसऱ्या टोकाचा दोष आहे. त्यांच्या नायकांपाशी पैसा असतो, पण तो कोठून येतो हे विचारणे तेथे अरसिकपणाचे ठरते. धनाचा निषेध आणि धनाचे स्वप्नरंजन ही एकाच अज्ञानाची दोन रूपे आहेत, असे आम्हांस वाटते.

अपवाद होते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून लोखंडी नांगर निघत होते आणि त्याच कारखान्याच्या आश्रयाने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्याचे पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. नांगर करणाऱ्या हाताने मासिक काढावे, ही घटना आमच्या वाङ्मयेतिहासात तळटीप म्हणून राहावी, हेही आमच्या धनदृष्टीचेच लक्षण आहे.

‘श्यामची आई’ (१९३५) या ग्रंथावर या संदर्भात थोडे थांबले पाहिजे. कारण दारिद्र्याचे उदात्तीकरण म्हणून त्याचेच नाव सर्वांत आधी घेतले जाते. आम्ही तो ग्रंथ निराळ्या रीतीने वाचतो. श्यामचे घर मुळात दरिद्री नाही. ते खोताचे घराणे आहे. ते खाली येते कर्जाने, भाऊबंदकीने आणि मोठेपणाच्या हव्यासाने. एखादा जमिनीचा तुकडा वेळीच विकून देणे फेडावे, हे शहाणपण त्या घरात आईपाशी आहे. वडिलांना वडिलोपार्जित जमिनीच्या आणि घराण्याच्या नावाच्या अभिमानापायी ते ऐकवत नाही. पुढे सावकाराचा माणूस दारात येऊन जो अपमान करतो, तो दारिद्र्याचा नव्हे, वेळेवर न केलेल्या हिशेबाचा आहे. साने गुरुजींनी हे सारे लिहिले आहे. शाळेत मात्र आईच्या मायेचे आणि संस्कारांचे प्रसंग प्रामुख्याने शिकविले जातात आणि कर्जाचे प्रसंग डोळे पुसण्यापुरते. ग्रंथ निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यातील करुणरस अनेकदा विचाराला वाहून नेतो. परंतु जो दोष वाचनाचा आहे, तो ग्रंथाच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

५

मासिक वेतनाच्या जगाबाहेरचे लेखक लिहू लागले, तेव्हा हिशेब पुन्हा वाङ्मयात आला. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील कौतिक ही शिंप्याच्या घरातील बाई. नवरा महादेव कर्तृत्वशून्य. संसार तिने एकटीने ओढावयाचा. वऱ्हाडच्या बोलीतील या कादंबरीत पैसा अमूर्त राहत नाही. मजुरी, उसनवारी, कोणाचे किती द्यावयाचे आणि ते कधी, याच्या विवंचनेतच कौतिकचे मन घडते आणि मोडते. ती धनाचा तिरस्कार करीत नाही. तिला ते हवे आहे, आणि ताठ मानेने हवे आहे. आदिलाबादकडील वाचकाला तिची भाषा परकी वाटणार नाही, तिचे जमाखर्चही नाहीत.

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा या विषयावरील सर्वांत भेदक मराठी लेखन आहे, असे आम्ही मानतो. गावाहून मुंबईस आलेल्या भीमाची दगडखाण बंद पडते. स्मशानातील राखेत त्याला एकदा सोने सापडते आणि तो राख चाळून, पुढे प्रेते उकरून घर चालवू लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात. आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याचे कळते. लेखकाने भीमाला लोभी ठरविलेले नाही; उपाशी माणसाने काय करावे, हा त्याचा प्रश्न खरा आहे. पण श्रमाची कमाई आणि सापडलेले धन यांतील भेद त्याने भीमाच्या हातावरच कोरला. जी बोटे दगड फोडू शकत होती, ती सोन्याने नेली. धनाविषयीच्या निरोगी वृत्तीची इतकी कठोर व्याख्या उपदेशपर ग्रंथांत सापडणे कठीण.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ साली आली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकलेला, पण नोकरी न मिळालेला एकनाथ तिच्यात शेतीला बांधला गेला आहे. तिचे सामर्थ्य असे की, घरातील प्रत्येकाचे मन पैशाने कसे वाकते, हे ती दोषारोप न करता दाखविते. वर्षातून एकदा येणाऱ्या पैशाचे मानसशास्त्र मराठीत प्रथमच इतक्या विस्ताराने आले. तिचे शीर्षक ‘बारोमास’ असावे यातही अर्थ आहे. बारा महिन्यांची काळजी आणि एका हंगामाची मिळकत, असा हा संसार आहे.

या तिन्ही लेखकांच्या कृतींवरून आम्ही एक साधी कसोटी सुचवू इच्छितो. कथा-कादंबरीतील पात्र काय मिळवते, कोणाकडून मिळवते आणि कोणाचे देणे लागते, हे लेखकास ठाऊक आहे काय? ज्या कृतीत हे ठाऊक असते, तेथे पात्राचा त्याग किंवा लोभ, दोन्ही विश्वसनीय होतात. जेथे ते ठाऊक नसते, तेथे त्याग पोकळ वाटतो आणि लोभ बाहुल्यासारखा. ही कसोटी वाङ्मयबाह्य आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. पात्राच्या मनाची खोली मोजणाऱ्या समीक्षकाने त्याच्या घरातील कणगीत डोकावू नये, असा नियम कोणी केलेला नाही.

६

आता बेल्याकडे परत येऊ. तेथील मराठी घरातील मुलास आज दोन आवाज ऐकू येतात. शाळेत आम्ही त्याला सांगतो की, पैशाच्या मागे लागू नये, गरीब माणूस मनाने मोठा असतो. शाळेबाहेर दुसरे पुस्तक त्याला सांगते की, श्रीमंतीचा निश्चय केला आणि मनात सतत तिचे चिंतन केले की, लक्ष्मी आपोआप चालून येते. मराठी पुस्तकांच्या दुकानांत अशा ग्रंथांची आज वाण नाही. वरवर परस्परविरोधी भासणारे हे दोन्ही उपदेश एका गोष्टीवर एकमत आहेत: दोघांनाही पाऊस, बाजारभाव, व्याज आणि मजुरी यांचा पत्ता नाही. पहिला उपदेश त्याला आपल्या बापाच्या कष्टाच्या कमाईची लाज वाटावयास लावतो. दुसरा उपदेश पीक बुडाले तर तो बापाच्या मनाचाच दुबळेपणा ठरवितो. कर्जाखाली दबलेल्या घरात हा दुसरा आरोप किती क्रूर आहे, हे कपाशीच्या पट्ट्यात शिकविणाऱ्या शिक्षकास सांगावयास नको.

या दोहोंस उत्तर आमच्याच परंपरेत आहे, आणि ते देण्याचे काम भाषाशिक्षकाचे आहे. एकनाथांची कथा सांगताना पैच्या चुकीपाशी क्षणभर थांबावे. ‘श्यामची आई’ शिकविताना कर्जाचे प्रकरण वर्गात मोकळेपणाने चर्चेस घ्यावे आणि आईचा सल्ला बरोबर होता काय, हे मुलांना विचारावे. फुल्यांचा उतारा वाचून झाल्यावर, आपल्या घरातील कोणता कागद आपल्याला वाचता येत नाही, याचा शोध मुलांनी घ्यावा; सीमेवरच्या गावात या प्रश्नाला फार मोठा अर्थ आहे. मुलगा जर घरी मराठी बोलत असेल आणि शाळेत तेलुगू शिकत असेल, तर घरातील तो कागद वाचून दाखविण्याचा मान त्यालाच मिळू शकतो. माघात हाती आलेला पैसा मृगापर्यंत कसा पोहोचवावा, हा गणिताचा प्रश्न आहेच. पण लग्नाच्या मांडवात तो न उडविण्याचे धैर्य हा मनाचा प्रश्न आहे, आणि मन हा वाङ्मयाचा विषय आहे.

आमच्या भाषेने या बाबतीत आम्हांस उघडे टाकलेले नाही. ‘पत’ हा शब्द पाहावा. बाजारात उधारी मिळण्याची योग्यता आणि समाजातील प्रतिष्ठा, या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे. ‘ऋण काढून सण’ ही म्हण हसण्यासाठी केलेली नाही. ती पत राखण्यासाठी केलेली आहे. ज्या समाजाने असे शब्द आणि अशा म्हणी घडविल्या, त्याला धन वाईट वाटत होते, असे म्हणणे त्याच्या बुद्धीचा अवमान आहे. त्याला बेहिशेबी धन वाईट वाटत होते आणि बेहिशेबी दारिद्र्यही. पुढील पिढीच्या हाती मराठी वाङ्मय देताना आम्ही त्यातील वैराग्य अवश्य द्यावे, पण त्याच्या शेजारची वही काढून ठेवू नये.